स्केटबोर्डिंग गेम्सचा इतिहास लिहायचाय? मग आधी घड्याळ पकडा

गेम्सच्या इतिहासावर लिहायला बसलं की बहुतेक जण एकच करतात, विकिपीडिया उघडतात आणि सालावार यादी उतरवून काढतात. १९८६ ला हा आला, १९८७ ला तो आला, १९९९ ला टोनी हॉक या अमेरिकन स्केटबोर्डरच्या नावाचा गेम आला आणि सगळं बदललं, २००७ ला स्केट आला आणि परत एकदा सगळं बदललं, झाला लेख. वाचणाऱ्याच्या हातात काय पडलं तर रेल्वेचं टाइमटेबल. नेमकं काय बदललं, कुणाच्या बोटांना ते जाणवलं आणि ते बदलावं असं कुणाला का वाटलं, हे कुठेच नाही.

माझी पद्धत अशी आहे की गेममधली एकच छोटी गोष्ट पकडायची, खेळताना बोटांना किंवा डोक्याला टोचते अशी, आणि तिचा माग काढत सगळ्या गेम्समधून चालत जायचं. ती गोष्ट कॅमेरा असू शकते, पडल्यावर काय होतं ते असू शकतं, स्कोर मोजायची रीत असू शकते. इथे मी घड्याळ घेतो, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यात उलटं मोजत जाणारा तो टायमर, आणि तुमच्यासमोरच हे करून दाखवतो, म्हणजे पद्धत आपोआप कळेल.

सुरुवात करू ७२० डिग्रीपासून, अटारी गेम्सचा १९८६ चा आर्केड गेम. एक शहर आहे, त्यात तुम्ही बोर्डवर फिरताय, पार्कमध्ये शिरायला तिकीट लागतं, आत रॅम्प, उतार, स्लॅलम (म्हणजे खुणांमधून नागमोडी जायचं) असे प्रकार आहेत, मिळालेल्या पैशातून नवीन सामान घेता येतं. आणि रस्त्यावर रेंगाळून वेळ संपवला की स्क्रीनवर 'स्केट ऑर डाय' येतं आणि मागे मारक्या मधमाश्यांचं मोहोळ लागतं. आता इथे नुसतं 'काय भन्नाट आयडिया' म्हणून पुढे जाऊ नका. थांबा आणि विचारा, मधमाश्या कशाला? स्केटबोर्डिंगचा आणि मधमाश्यांचा काय संबंध? संबंध नाण्याचा आहे. मशीन दुकानात उभं आहे, एका नाण्यात पोरगं अर्धा तास उभं राहिलं तर दुकानदाराचा धंदा बुडाला, म्हणून त्याला तिथून हलवायची सोय गेमच्या आतच करून ठेवायची. म्हणजे ते घड्याळ स्केटरचं नाहीच, गल्ल्यावर बसलेल्याचं आहे. कुठल्याही जुन्या गेमचा नियम दिसला की हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: हा नियम कुणाच्या सोयीचा? अर्ध्या लेखाचं मटेरियल त्यातूनच मिळतं.

पुढच्याच वर्षी, १९८७ ला, घरच्या कॉम्प्युटरवर दोन गेम आले, एपिक्स कंपनीचा कॅलिफोर्निया गेम्स आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा स्केट ऑर डाय, दोन्ही कमोडोर ६४ च्या जमान्यातले. कॅलिफोर्निया गेम्समध्ये हाफपाइप (इंग्रजी U सारखा वळलेला रॅम्प), सर्फिंग, बीएमएक्स सायकल, पायाने उडवायची ती छोटी पिशवी असे सहा प्रकार होते, आणि हाफपाइपच्या मागे हॉलिवूडची ती टेकडीवरची अक्षरं. घरी नाणं टाकायचं नसतं, तरी घड्याळ आहेच, फक्त आता ते स्पर्धेचं घड्याळ आहे, ठरलेल्या वेळात जमेल तेवढं करून दाखवा. बघा, वस्तू तीच पण कारण बदललं. असे बदल पकडायचे, आपला लेख यांच्यावरच उभा राहणार.

मग सेगाचा टॉप स्केटर, १९९७, परत आर्केड. इथे तर मशीनलाच बोर्ड लावलेला, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, तुम्ही खरोखर त्यावर उभं राहून अंग झुकवायचं. आणि टायमर अर्थातच परत आला, नाणं आलं की टायमर येणारच.

आणि आता खरी मजा. १९९९ ला टोनी हॉक्स प्रो स्केटर आला प्लेस्टेशनवर, नेव्हरसॉफ्टने बनवलेला, ॲक्टिव्हिजनने विकलेला. घरचा कन्सोल, नाण्याचा प्रश्न नाही, तरीही प्रत्येक फेरी मोजून २ मिनिटांची. का? इथे लिहिणाऱ्याने घाई करायची नाही, सुचतील तेवढी उत्तरं कागदावर काढायची आणि प्रत्येकाच्या पुढे पुरावा काय ते लिहायचं. पहिलं उत्तर, आर्केडचा वारसा; हे बरंच पटण्यासारखं आहे कारण बनवणारी मंडळी टॉप स्केटर खेळत होती हे त्यांच्याच मुलाखतींमधून आलंय. दुसरं, खऱ्या स्पर्धेतही स्केटरला ठरावीक वेळाची फेरी मिळते, त्याची ही नक्कल; शक्य आहे, पण मग गेममधले बहुतेक लेव्हल स्पर्धेचे नाहीतच, गोदाम आहे, शाळा आहे, मॉल आहे, तिथे घड्याळ का ठेवलं हे यातून सुटत नाही. तिसरं, २ मिनिटं म्हणजे 'फक्त एकदा अजून' म्हणायला अगदी योग्य माप, हरलं तरी राग येत नाही, आणि शेजारी बसलेल्या मित्राला कंट्रोलर द्यायलाही बरं पडतं. हे तिसरं माझं मत आहे, खेळून झालेलं, आणि ते लेखात मत म्हणूनच लिहायचं, 'मला असं वाटतं' एवढे तीन शब्द टाकायला काही जात नाही.

पुढचा माग सोपा आहे. २००२ ला टोनी हॉकच्या चौथ्या भागात घड्याळ काढून टाकलं, आता लेव्हलमध्ये मोकळं फिरा, माणसांशी बोला, त्यांनी काम दिलं की तेवढ्यापुरता वेळ सुरू. २००३ च्या टोनी हॉक्स अंडरग्राउंडमध्ये गोष्ट आली आणि बोर्डवरून उतरून पायी चालणंही आलं. २००७ ला इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या कॅनडातल्या ब्लॅक बॉक्स स्टुडिओने स्केट काढला, तो मुळातच निवांत फिरायचा गेम, एकाच कठड्यावर तासभर घासत बसा, घड्याळ हाकलत नाही. आणि मग २०२५ ला टोनी हॉकच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागाचा एकत्र रीमेक आला तेव्हा चौथ्या भागाच्या करिअर मोडमध्ये ते २ मिनिटांचं घड्याळ परत बसवलं! जुने खेळणारे चिडले, का चिडले हे आता तुमच्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही, कारण तो १९८६ च्या मधमाश्यांपासून तुमच्यासोबत चालत आलाय. यादीवाल्या लेखात ही चिडचिड एका ओळीत जाते आणि कुणालाच काही कळत नाही.

खेळा, पण कुठला व्हर्जन खेळताय ते आधी बघा

हा भाग सगळ्यात जास्त लोक चुकवतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२० ला टोनी हॉकच्या पहिल्या दोन भागांचा रीमेक आला, व्हायकॅरियस व्हिजन्सने बनवलेला, उत्तम आहे, पण तो खेळून १९९९ च्या गेमबद्दल लिहिलंत तर गोची होईल. कारण असं आहे की पहिल्या भागात मॅन्युअल नव्हतंच. मॅन्युअल म्हणजे दोन चाकांवर तोल सांभाळत सपाट जमिनीवरून जायचं, ते आलं २००० च्या दुसऱ्या भागात, वर-खाली बटण पटकन दाबलं की उतरल्यावरही कॉम्बो, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या ट्रिक्सची साखळी, तुटत नाही. तरी रॅम्पवरून उतरलं की कॉम्बो संपायचाच, ती भिंत २००१ च्या तिसऱ्या भागात पडली, तिथे रिव्हर्ट आलं, रॅम्पवर टेकता क्षणी बटण दाबून बोर्ड फिरवायचा आणि लगेच मॅन्युअलमध्ये जायचं. या दोन बटणांनी काय केलं तर आख्खा लेव्हल एका कॉम्बोमध्ये बांधता यायला लागला, आणि स्कोर हजारातून लाखात आणि लाखातून पुढे पळाला. आता रीमेकमध्ये हे सगळं पहिल्या भागाच्या लेव्हलमध्येही चालतं! सेटिंगमध्ये जुन्या पद्धतीच्या ट्रिक्स निवडायची सोय आहे खरी, पण ती मुद्दाम शोधून लावावी लागते. म्हणून रीमेक खेळून कुणी 'पहिल्याच भागापासून लांबच लांब कॉम्बो ही या मालिकेची ओळख' असं लिहिलं की समजायचं, मूळ डिस्क याने बघितलेली नाही.

दुसरी भानगड म्हणजे एकाच नावाचे वेगवेगळे गेम. पहिला भाग निन्टेंडो ६४ वर आला तेव्हा कार्ट्रिजमध्ये जागा कमी म्हणून गाण्यांना कात्री लागली. गेम बॉय ॲडव्हान्सवरचा दुसरा भाग तर पूर्ण वेगळा, तिरक्या कोनातून वरून दिसणारा, आणि तो बनवला होता व्हायकॅरियस व्हिजन्सने, तेच ज्यांनी पुढे २०२० चा रीमेक केला, हे किती जणांना माहीत असतं! पीसीवर पहिला भाग तेव्हा आलाच नव्हता, दुसऱ्यापासून आला, म्हणून आपल्याकडे कीबोर्डवर खेळलेल्या माणसाची आठवण बहुतेक दुसऱ्या भागापासून सुरू होते. तुम्ही कुणाशी बोलून लिहिणार असाल तर पहिला प्रश्न 'कशावर खेळलास' हाच ठेवा.

खेळताना वही जवळ ठेवा. गेम कसा 'वाटला' ते नंतर लिहा, आधी बोटांनी काय केलं ते लिहा, कुठलं बटण किती वेळा, चूक झाली की किती सेकंदात परत उभे राहिलात, कॅमेरा कुठे होता. स्केटमध्ये कॅमेरा खाली, बोर्डाच्या जवळ असतो आणि उजवी स्टिक म्हणजे तुमचे पाय, ती खाली ओढून वर झटकली की 'ओली' नावाची ट्रिक होते, म्हणजे बोर्ड पायाला चिकटून हवेत जातो. टोनी हॉकमध्ये तेच काम एका बटणाने होतं आणि माणूस दोन मजले उडतो. हे दोन वाक्यात सांगितलं की वाचकाला फरक कळतो, 'वास्तववादी विरुद्ध आर्केड शैली' असं लिहून काहीही कळत नाही, असली लेबलं शक्यतो टाळाच. मूळ गेम मिळत नसेल तर कुणीतरी पूर्ण खेळून रेकॉर्ड केलेला व्हिडिओ बघा, जमलं तर कॉमेंट्री नसलेला, म्हणजे दुसऱ्याची मतं कानात जात नाहीत.

कुणी सांगितलं, कधी सांगितलं

गेम्सच्या इतिहासात कागदपत्रं कमी आणि किस्से जास्त. किस्से टाकून द्यायचे नाहीत, पण तोलून वापरायचे. उदाहरण, टोनी हॉकने नाव वापरू देण्याच्या बदल्यात एकरकमी मोठी रक्कम घ्यायला नकार दिला आणि विक्रीतला वाटा ठेवला, आणि त्यातून तो मालामाल झाला. हे तो स्वतःच अनेक मुलाखतींत सांगतो. मग लिहिताना 'हॉक सांगतो की' असंच लिहा, एवढंच. याउलट गेमचा सुरुवातीचा नमुना नेव्हरसॉफ्टच्याच अपोकॅलिप्स गेमच्या इंजिनवर उभा होता आणि त्यात बोर्डवर चक्क त्या गेममधला हॉलिवूडचा नट ब्रूस विलिस होता, ही गोष्ट हॉकही सांगतो आणि बनवणारेही, दोन बाजूंनी आलेली म्हणून जास्त विश्वासाने लिहिता येते.

सगळ्यात मोठा सापळा ९०० चा, म्हणजे हवेत ९०० अंश फिरायच्या ट्रिकचा. २७ जून १९९९, सॅन फ्रान्सिस्को, एक्स गेम्स ही स्पर्धा, टोनी हॉक हवेत अडीच फेऱ्या घेऊन उतरतो, तेही वेळ संपून गेल्यावर, प्रयत्नावर प्रयत्न करत. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस गेम बाजारात. लगेच वाक्य तयार होतं, '९०० च्या यशामुळे गेम आला'. अहो गेम तीन महिन्यात बनतो का? काम आधीपासून चालू होतं. ९०० मुळे गेमच्या नशिबाला हात लागला, ती ट्रिक हॉकची खास ट्रिक म्हणून गेममध्येही आहे, हे सगळं बरोबर, पण 'च्यामुळे' हा प्रत्यय लिहायच्या आधी तारखा शेजारीशेजारी मांडून बघायच्या.

तारखांचंच चाललंय तर हेही: नावातलं साल आणि बाजारात आल्याचं साल यात गल्लत करू नका, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा क्रिकेट ०७ हा गेम २००६ च्या शेवटी आलाय. अमेरिकेतली तारीख, युरोपातली आणि जपानमधली वेगवेगळी असते, कुठली देताय ते ठरवा आणि शेवटपर्यंत तीच धरा. निन्टेंडो ६४ वर टोनी हॉकचा तिसरा भाग २००२ पर्यंत लांबला, तोवर तो कन्सोल जवळजवळ मेलेला होता, अमेरिकेत त्यावर आलेला तो शेवटचा गेम.

आणि 'पहिला' हा शब्द दिसला की सावध व्हा. पहिला स्पोर्ट्स गेम कुठला? लोक पाँग म्हणतात, १९७२. त्याच वर्षी मॅग्नावॉक्स ओडिसीवर टेबल टेनिस होतं, आणि त्यावरून अटारीला कोर्टात खेचलं गेलं. आणि त्याच्याही आधी १९५८ ला ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम नावाच्या शास्त्रज्ञाने पाहुण्यांची करमणूक म्हणून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस बनवलं होतं. आता यातलं पहिलं कुठलं हे 'गेम' कशाला म्हणता त्यावर आहे, त्यामुळे सरळ 'सुरुवातीच्या गेम्सपैकी' लिहा आणि पुढे चला, त्या वादात पडलात तर स्केटबोर्डपर्यंत पोचणारच नाही.

किस्से पक्के करायला कुठे बघायचं? गेमच्या शेवटी येणारी नावांची यादी, डब्यातल्या पुस्तिकेचे स्कॅन, त्या काळच्या मासिकांचे स्कॅन, कोर्टाचे कागद, कंपन्यांचे वार्षिक अहवाल. पुस्तिका फार दुर्लक्षित आहे राव, बनवणाऱ्यांना खेळणारा कसा वाटत होता ते तिच्यात स्वच्छ दिसतं, काय समजावून सांगितलंय आणि काय गृहीत धरलंय ते बघा.

कधीकधी बनवणाराच असं काही कबूल करतो की सोन्याहून पिवळं. एनबीए जॅम, १९९३, बास्केटबॉलचा आर्केड गेम, त्याचा डिझायनर मार्क टर्मेल डेट्रॉइटच्या टीमचा चाहता, त्याने कोडमध्येच सोय करून ठेवली होती की शिकागो बुल्सने डेट्रॉइटविरुद्ध शेवटच्या क्षणी मारलेला निर्णायक बॉल आत जायची शक्यता कमी व्हावी. हे त्याने नंतर स्वतः सांगितलं. वर्षानुवर्षं बुल्स घेऊन खेळलेल्या पोरांचं काय झालं असेल विचार करा.

मैदानावर तेव्हा काय चाललं होतं

गेमच्या शेजारी खऱ्या खेळाची एक ओळ चालू ठेवा, फार नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेनची चाकं आली म्हणून बोर्ड रस्त्याला पकडून राहायला लागला, दशकाच्या शेवटी ॲलन गेलफंडने रिकाम्या स्विमिंग पूलच्या उतारावर हात न लावता ओली काढली, रॉडनी मुलेनने ती सपाट जमिनीवर आणली आणि तिथून रस्त्यावरच्या स्केटिंगचा दरवाजा उघडला. ऐंशीत रॅम्पची चलती, नव्वदीत रस्त्याची. म्हणून १९८७ च्या गेममध्ये हाफपाइप दिसतो आणि १९९९ मध्ये शाळेचे कठडे. मुलेन टोनी हॉकच्या दुसऱ्या भागात खेळता येतो, आणि नेमकं त्याच भागात मॅन्युअल आलं, हे मला फार आवडतं, जमिनीवरची कला असलेला माणूस आणि जमिनीवरची ट्रिक एकदमच. त्यामागे ठरवून काही होतं असं मात्र लिहू नका, तसा पुरावा मी पाहिलेला नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग आलं तेव्हा स्ट्रीट आणि पार्क हे प्रकार घेतले, हॉकचा उभ्या रॅम्पचा प्रकार नाही, ही ओळ शेवटाकडे कुठेतरी बसवता येते.

पैशाचा भाग थोडक्यात. स्पोर्ट्स गेम म्हणजे परवान्यांचं गाठोडं, खेळाडूंची नावं, ब्रँड, गाणी, सगळ्यांची मुदत वेगळी. मुदत संपली की गेम दुकानातून गायब, २०१२ चा टोनी हॉकचा एचडी व्हर्जन असाच २०१७ ला स्टीम या ऑनलाइन दुकानावरून उतरवला गेला. म्हणून जो गेम आज विकत मिळतोय त्याबद्दल लिहायचं असेल तर पुढे ढकलू नका. आणि फसलेल्या गेम्सना जागा द्या. २००९ चा टोनी हॉक राइड, ज्यात प्लास्टिकचा बोर्ड घेऊन टीव्हीसमोर उभं राहायचं होतं, आपटला, पण टॉप स्केटरची १९९७ ची कल्पना घरी आणायचा तो प्रयत्न होता. आर्केडमध्ये जे बोर्ड चाललं ते दिवाणखान्यात का नाही चाललं, यावर वेगळा लेख होईल.

आणि आपलं क्रिकेट?

हीच पद्धत घेऊन क्रिकेट गेम्सवर लिहा ना, स्केटबोर्डिंगवर अमेरिकन लोकांनी ढीगभर लिहिलंय, क्रिकेट ०७ वर आपण नाही लिहिणार तर कोण लिहिणार. कुठली गोष्ट पकडायची तेही सुचवतो, बॅटिंगचं बटण. क्रिकेट ०७ ची मोठी जाहिरात होती सेंच्युरी स्टिकची, म्हणजे पाय कुठे टाकायचा आणि शॉट कुठे मारायचा ते कंट्रोलरच्या स्टिकवर, स्केटमध्ये उजव्या स्टिकला पाय बनवलं तो काळ जवळजवळ हाच. आणि आपल्याकडे? आपल्याकडे बहुतेकांनी तो गेम पीसीवर, कीबोर्डवर खेळला, ॲरोची बटणं आणि डाव्या हाताला दोनतीन अक्षरं. म्हणजे कंपनीने ज्या गोष्टीच्या नावावर गेम विकला ती गोष्ट इथल्या बहुतेकांच्या हाताला लागलीच नाही, आणि तरी तो इथे इतकी वर्षं टिकला. कशामुळे टिकला, तर पॅचमुळे, कंपनीने नवीन काढायचं बंद केल्यावर चाहत्यांनीच नवीन जर्सी, नवीन खेळाडू, आयपीएलच्या टीम घालून तो चालू ठेवला.

याची कागदपत्रं कुठल्याच म्युझियममध्ये नाहीत. ती जुन्या हार्ड डिस्कवर आहेत, सीडीच्या पाउचमध्ये आहेत, बंद पडलेल्या फाइल शेअरिंग साइट्सच्या लिंकमध्ये आहेत. तेव्हा सायबर कॅफे चालवणारे, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पीसी जोडून देणारे, पॅच बनवणारे, या लोकांना गाठा आणि 'तेव्हा किती मजा यायची' हे विचारत बसू नका, त्याला सगळे हो म्हणतात. विचारा की इन्स्टॉल करताना कुठे अडायचं, पॅचची फाइल कुठून यायची, कुठल्या फोल्डरमध्ये टाकायची, कुठली बटणं घासून गुळगुळीत व्हायची, एका कीबोर्डवर दोघं बसले की कोण कुठली बाजू घ्यायचं. पॅच सापडला तर आतली रीडमी फाइल आधी उघडा, तारीख आणि बनवणाऱ्यांची टोपणनावं बहुतेक वेळा तिथेच असतात, आणि ती टोपणनावं तशीच ठेवा, खरी नावं छापायच्या आधी त्या माणसाला विचारा.